मांजराला अहोजाहो

आमच्या डॉक्टरकाकांनी उभ्या आयुष्यात एकाही मांजराला 'अगं' म्हटलं नाही. माणसांना मात्र सरसकट अरे-तुरे. समोर कोणी का असेना, "काय रे, बरा हायस ना?" आणि मांजर दिसलं की आवाज खाली, मान जराशी वाकलेली, "बाईसाहेब, इथं बसलो तर चालेल का? नायतर तिकडं बसतो."

माझ्या सासऱ्यांना हे पहिल्याच दिवशी झोंबलं. पेणमध्ये गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवणारा, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस. त्यांच्याच उंबऱ्यात उभं राहून "अरे मूर्तिकारा, जरा सरक" असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरकाका गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या माहेरची पद्धत भारी हाय गो. मला अरे आणि मांजराला अहो." मी हसू दाबत चहाचे कप उचलले आणि आत गेले.

माहेरची पद्धत म्हणाले, कारण काका रोह्याचे आणि माझं माहेरही रोह्याचं. माझ्या वडिलांच्या पाच म्हशी होत्या आणि काका गुरांचे सरकारी डॉक्टर. नातं काय ते एवढंच. म्हैस आजारी पडली की ते स्कूटरवरून यायचे, गोठ्यातली बादली पालथी घालायचे आणि तिच्यावर बसून राहायचे. अर्धा तास, पाऊण तास. म्हशीला हात लावायचा नाही, कानाला नळी लावायची नाही, नुसतं बघायचं. माझी आई चिडायची. "हा माणूस म्हैस तपासायला येतो की म्हशीशी सोयरीक जमवायला?" मग केव्हातरी काका उठायचे, मागच्या डाव्या खुराकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हिकडं बघ." आणि तिथेच काहीतरी सापडायचं. आई तरीही मानायची नाही. म्हणायची, एवढा वेळ बसून राहिलं तर कुणालाही दिसेल. आता वाटतं, तिने नकळत त्यांची सगळी विद्याच एका वाक्यात सांगून टाकली होती.

नोकरीतून सुटल्यावर त्यांनी मांजरं धरली. का, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, "गुरांचं बरं असतं गो. दूध घटलं की मालक धावत येतो. मांजराचं काय घटतं? काय घटलं तरी कुणाला कळतं?"

मांजरांकडे जाताना त्यांचा एक ठरावीक सदरा असे. मूळचा रंग बहुधा निळा. तो साबण न लावता नुसत्या पाण्यातून काढायचा आणि बाकीच्या कपड्यांपासून लांब, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा. साबणाचा वास मांजराला आवडत नाही, आणि दवाखान्याचा तर त्याहून नाही. काकू म्हणायच्या, "लग्नातला शालू मी एवढा जपला नाय, जेवढं ह्यांनी हे फडकं जपलंय." कोणी पाहुणा आला आणि चुकून त्याने त्या दोरीवर टॉवेल टाकला, तर काका तो उचलून निमूटपणे पाहुण्याच्या हातात देत.

रोह्याहून पेणला ते सकाळच्या गाडीने येत. आमच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक बाई कासूहून त्याच गाडीला चढायची. तिने एक दिवस येऊन विचारलं, "तुमचे ते डॉक्टर माझ्यावर रागावलेत का गो? रोह्यापासून सगळ्या डब्याशी गप्पा मारत येतात म्हणे, आणि मी चढले की तोंड मिटतात." मी काकांना विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "तिच्यावर कशाला रागावू? कासू आलं की मी बोलणं बंदच करतो. पेण येईपर्यंत आवाज निवायला पायजे. गाडीतला आवाज घेऊन मांजरापुढं जाऊ नये." त्या बाईला हे सांगितल्यावर तिने नुसतं कपाळाला हात लावला.

आता आमच्या मांजरीबद्दल सांगायला हवं. तिचं नाव शाडू. ओल्या शाडूच्या मातीसारखा तिचा करडा रंग, म्हणून. तेरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या मागे, मातीच्या गोणींमध्ये सापडली आणि मामंजींच्या स्टुलाखाली राहायला आली. मामंजी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. रंगकाम आम्ही आठ बायका करतो, पण डोळे फक्त त्यांचे. दिवसभर स्टुलावर बसून, श्वास रोखून बुबुळं काढायची, आणि मधल्या वेळात स्टुलाखाली बघून बोलायचं. "हा जरा रागावल्यासारखा वाटतो काय गो? नाय? बरं." हे सगळं शाडूशी. मला लग्न होऊन बावीस वर्षं झाली. मामंजी मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, पण सरळ शब्दही रंगाच्या पलीकडे फारसा गेला नाही. पितांबर जरा गडद कर. शेला फिका झालाय. बस. नवरा कंपनीत, त्याच्या शिफ्टमुळे घरात असला तरी झोपलेला. त्यामुळे कारखान्यात दिवसभर आम्ही दोघं, बायका आणि मांजर.

शाडू तरुण होती तेव्हा तिचा धाक असायचा. कच्च्या मूर्ती सुकायला ठेवायच्या फळ्या जमिनीपासून छपरापर्यंत. ही एका उडीत दुसऱ्या फळीवर, तिथून चौथीवर, आणि मूर्तींच्या सोंडांमधून वाट काढत पार टोकाला. पाडलं तिने फार काही नाही, पण बघणाऱ्याचा जीव टांगणीला. ओरडून ओरडून आम्ही थकलो. आणि मग तीनेक वर्षांपूर्वी तिचं चढणं हळूहळू बंद झालं. आधी वरची फळी सुटली, मग मधली, मग सगळ्याच. दिवसभर स्टुलाखाली गप्प. कारखान्यात केवढा आनंद. गिऱ्हाईक आलं की मामंजी कौतुकाने दाखवायचे, "बघा, हाय का त्रास? वयानं शहाणी झाली. आपल्या पोरांना नाय येत एवढी समज." आम्ही सगळ्या जणी माना डोलवायचो.

गेल्या वर्षी माघी गणपतीचं काम आटोपलं आणि शाडूचं खाणं कमी झालं. ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात घ्यायची आणि मान वाकडी करून खाली टाकायची. हनुवटी ओली. तोंडाला असा वास की स्टुलाशी बसवेना. शेजारणीने सांगितलं, तापाची अर्धी गोळी दुधात दे, दुखणं थांबेल. मी गोळी फोडून वाटीत टाकलीसुद्धा, आणि काय वाटलं कोण जाणे, आधी रोह्याला काकांना फोन लावला. माणसावर आवाज चढवताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं. "ओतून दे. आत्ता, मी ऐकतोय तोवर. माणसाची ती गोळी मांजराला विष हाय." मी मोरीत दूध ओतलं, त्याचा आवाज त्यांनी फोनवर ऐकला, मग म्हणाले, "बाईसाहेबांना सांग, मी उद्या येतो."

उद्या आले आणि काहीच केलं नाही. मामंजींना सरकवलं, भिंतीला धरून खाली बसले, कारण त्यांचे स्वतःचे गुडघे पार गेलेले, आणि तासभर शाडूकडे बघतही नाहीत असं दाखवत बसले. चहा दिला तर "बाईसाहेबांची ओळख झाल्याशिवाय नको" म्हणून तसाच ठेवला. उठताना आपली पिशवी तिथेच स्टुलापाशी सोडली. मी म्हटलं, काका, पिशवी राहिली. "राहू दे. त्यांना वास बघू दे तिचा. परवा येतो." आणि हात हलवत रोह्याला गेले. मामंजी बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले. मग शाडूला म्हणाले, "वेडा हाय गो."

परवा आले तेव्हा शाडू पिशवीवर झोपली होती. काकांनी तिला कुशीत वगैरे घेतलं नाही. मांडीशेजारी बसू दिलं, गालावरून बोट फिरवलं, ओठ जरासा वर केला, पापणी लवते न लवते तोवर सोडला. "तीन दात कामातनं गेलेत. एकाच्या मुळाशी पू हाय. काढायला लागतील, भूल देऊन." मामंजी लगेच म्हणाले, "म्हातारी झाली ती. आता कशाला चिरफाड? राहू दे जितकी राहते तितकी." काकांनी फळ्यांकडे नजर टाकली. मला म्हणाले, "एक सुका बोंबील आण."

बोंबील आणला. तो त्यांनी मामंजींना दुसऱ्या फळीवर, दोन मूर्तींच्या मधे ठेवायला सांगितला. वास सुटला तशी शाडू स्टुलाखालून बाहेर आली. फळीखाली जाऊन वर बघितलं. मागचे पाय एकदा हलवले, पुन्हा नीट रोवले. पुढचा एक पाय उचलला, खाली ठेवला. मग बसली, आणि बोंबलाकडे पाठ करून स्वतःचा पंजा चाटायला लागली.

"बघितलास?" काका मामंजींना म्हणाले. "बाईसाहेब शहाण्या नाय झाल्या रे. त्यांना जमत नाय."

मामंजींच्या हातात कुंचला होता. तो तसाच राहिला.

मग काका एकेक दाखवत गेले. पाठीवरचे केस गुठळ्यांचे झालेत, कारण मान मागे वळत नाही. नखं वाढून जाड झालीत, कारण लाकडावर घासायला उभं राहवत नाही. "बाईसाहेबांची शी-शूची पेटी कुठं हाय?" मी मागच्या दारची लाकडी पेटी दाखवली, आणि तक्रारही केली, की हल्ली ही पेटीच्या बाहेरच करते, सकाळी पहिलं काम तेच. खरं सांगायचं तर त्यावरून मी तिला दोन वेळा फटकाही दिला होता. काकांनी खिशातून शिंप्याची टेप काढून पेटीची कड मोजली आणि म्हणाले, "औषध सांगतो. करवत आण." मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच करवत आणवली आणि पेटीची पुढची कड जवळजवळ जमिनीपर्यंत कापून टाकली. त्या दिवसापासून शाडूने एकदाही बाहेर केलं नाही. कापलेली कड बघून तेव्हाच मला फार शरम वाटली. मी काकांना म्हटलं, काका, मी मारलं हो तिला. ते भुसा झटकत म्हणाले, "दुखणं ओरडत नाय गो. दुखणं थांबतं. एकेक काम थांबत जातं आणि आपण म्हणतो, बरं झालं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी नंतर दहा वेळा तरी ऐकलं असेन, पण त्या दिवशी ते माझ्यासाठी होतं.

दात काढायचे ठरले, पण काका लगेच न्यायला तयार नव्हते. "आधी तयारी. म्हाताऱ्या माणसाला असंच उचलून नेतेस काय?" त्यांचा स्वतःचा हात आता थरथरायचा, म्हणून काम पनवेलच्या एक बाई डॉक्टर करणार होत्या. कधीकाळी शिकाऊ म्हणून त्या काकांच्या हाताखाली होत्या. एकदा तिथे जाऊन रक्त तपासलं, दाब बघितला, छाती ऐकली, मागच्या पायांचे फोटो काढले. कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे झिजलेले निघाले, आणि मूत्रपिंडही थोडं थकलेलं. काकांनी घरी येऊन मामंजींना आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. भुलेत धोका आहे. सलाईन लावून, ऊब देऊन, औषध कमी-जास्त करून तो कमी करता येतो. "नाय असं म्हणणार नाय मी. पण किती हाय ते आता ठाऊक हाय. आणि तसंच ठेवलं तर बाईसाहेब उपाशी मरतील, ते तर नक्की हाय."

नेण्याच्या पिंजऱ्याची वेगळीच कथा. काकांनी तो आठवडाभर आधी आणून, दार काढून, मामंजींच्या स्टुलाखाली ठेवला. आत शाडूच्या जुन्या गोधडीचा तुकडा. मामंजी कुरकुरले, पाय कुठे ठेवू म्हणाले. तिसऱ्या दिवशी शाडू आत जाऊन झोपली. त्यानंतर मामंजींनी आपले पाय बाजूला घेतले आणि आठवडाभर तिरके बसून डोळे काढले.

ठरल्या दिवशी सकाळी काका आले. कासूपासूनचं मौन धरूनच आत शिरले, पिंजऱ्यापुढे बसले, शाडूच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि थांबले. मग मान न वळवता म्हणाले, "बाईसाहेब, आज तर उपाशीपोटी यायचं ठरलं होतं. बोंबील?" मी मामंजींकडे बघितलं. मी रात्रीच सगळ्यांना बजावलं होतं, सकाळी पाणी चालेल, खायला काही नको. मामंजी भिंतीकडे बघत होते.

"अरे मूर्तिकारा," काका म्हणाले, "पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन श्वासात जाईल. सांगितलं नव्हतं हिनं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मामंजींनी स्टूल जरा मागे ओढलं. मग म्हणाले, "मऊ शिजवून दिला. शेवटचा म्हणून दिला."

मला वाटलं आता काका उसळणार. पनवेलची वेळ घेतलेली, गाडी दारात उभी. पण ते उसळले नाहीत. खालीच बसल्या बसल्या त्यांनी फोन करून दिवस बदलून घेतला. मग त्यांनी पहिल्यांदाच मामंजींना अहो म्हटलं. "शेवटचा नाय हो तो. परवा जाऊ."

परवा निघताना मामंजी दारापर्यंत आले. पिंजऱ्यावर टॉवेल टाकलेला, त्यावर त्यांनी हात ठेवला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रंगाशिवाय दुसरं काहीतरी माझ्यावर सोपवलं. "तू नेतेस. तू परत आण."

पेणपासून पनवेलपर्यंत ते वाक्य माझ्या छातीवर बसलेलं होतं. हमरापूर गेलं, जिते गेलं, मला बाहेरचं काही दिसेना. हट्ट माझा होता. मामंजी नको म्हणत होते, मी पुढे रेटलं होतं. हिला काही झालं तर त्या कारखान्यात, त्या स्टुलासमोर मी रोज कशी बसणार होते? मामंजी मला बोलले नसते, हे मला माहीत होतं. ते कोणाशीच बोलले नसते. काका मागच्या सीटवर पिंजऱ्याला हात लावून बसले होते. मी वळून म्हटलं, काका, भीती वाटते. ते म्हणाले, "वाटू दे. मलापण वाटतेय. बाईसाहेबांना फक्त कळू देऊ नको."

दवाखान्यात त्यांनी बाहेर बसायला साफ नकार दिला. "दात काढताना सगळ्यांचं लक्ष तोंडाकडं असतं. पायांकडं कोण बघणार? भुलेत बाईसाहेब ओरडणार नायत, पाय ओढला तरी कळायचं नाय. मग आठ दिवस चालायच्या नायत आणि आपण म्हणणार, भूल बाधली." बाई डॉक्टरांना त्यांचा स्वभाव माहीत असावा. त्यांनी हसून आत घेतलं. दाराला अर्धी काच होती. त्यातून मला शाडू दिसत नव्हती, फक्त काका दिसत होते. कमरेखाली घडी केलेला टॉवेल सरकवला, मागचे दोन्ही पाय सैल, अर्धे दुमडलेले ठेवले आणि त्यांच्यावर आपले दोन थरथरते तळहात ठेवून उभे राहिले. दीड-पावणेदोन तास. ज्या माणसाला आमच्या घरात बसायला-उठायला भिंत लागते तो माणूस. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचे, तोंड कसनुसं करायचे, पण हात तिथून हलला नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कापसावर तीन दात होते. "उठल्या. शिव्या देतायत." एवढंच म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी वाकले, तर मागे सरकत म्हणाले, "पाय नको धरू गो. तेच दुखतायत."

दुपारी कारखान्यात परत आलो तेव्हा आखणीला ठेवलेल्या मूर्ती सकाळी होत्या तशाच ओळीने उभ्या होत्या. एकीलाही डोळे नव्हते. रंगकामाच्या बायकांनी सांगितलं, स्टुलावर बसून होते, कुंचला बुडवायचे आणि ठेवून द्यायचे. मी पिंजरा त्यांच्या पायाशी ठेवला. शाडू अजून झिंगलेली, एक डोळा अर्धा मिटलेला, पण मामंजींच्या अंगठ्याला तिने नाक लावलं. मामंजींनी वर बघून मला म्हटलं, "आणलीस."

दहाव्या दिवशी ती पोटभर जेवायला लागली. सांध्यांचं औषध काकांनी मूत्रपिंडाकडे बघून, थेंब मोजून सुरू केलं. ताटली विटेवर उंच ठेवायला लावली, अंथरुणाखाली पोत्याची घडी. आणि मामंजींनी, कोणी न सांगता, मूर्तींच्या खोक्याच्या फळ्या कापून दुसऱ्या फळीपर्यंत तीन पायऱ्या केल्या. ऐन हंगामात त्या फळीचा एक कोपरा रिकामा केला. महिनाभराने काका बघायला आले तेव्हा शाडू त्या कोपऱ्यात वर बसलेली होती. काकांनी खालूनच हात जोडले. "बाईसाहेब, नमस्कार."

त्या दिवशी मामंजी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "डॉक्टर, दोन वर्षं तिला दुखत होतं आणि मी लोकांना बोलावून बोलावून तिची तारीफ सांगत होतो." मी रंग कालवत होते. काका त्यांची समजूत घालतील असं वाटलं. त्यांनी घातली नाही. "मी गुरांचा डॉक्टर होतो," ते म्हणाले. "गाय गप उभी राहिली की मीपण कागदावर लिहायचो, स्वभाव गरीब. किती गाईंचं लिहिलं असेल. त्यातल्या किती गरीब होत्या आणि किती दुखण्यानं गप होत्या, आता कुणाला विचारू?" मग दोघं बराच वेळ फळीवरच्या मांजरीकडे बघत बसले. चहा निवून गेला. काकांच्या त्या बादलीवर बसण्यामागे काय होतं, हे मला तेव्हा कळलं.

काका आता नाशिकला लेकीकडे असतात. जिना नसलेलं घर आहे, काकू बरोबर आहेत. तिथेही सोसायटीतल्या मांजरांना ते अहो म्हणतात, आणि सेक्रेटरीला अरे. त्यांचे आभार मी कधी नीट मानू शकले नाही. मानायला गेलं की म्हणतात, "बाईसाहेबांनी मानले, बस झाले." पण माझ्यावर त्यांचे उपकार आहेत आणि ते फक्त मांजरीपुरते नाहीत, हे मला गेल्या आषाढात कळलं.

हंगाम भरात होता. मामंजी आखणी करत होते, मी मागे बसून पितांबर रंगवत होते. ते पाठ न वळवता म्हणाले, "ए गो. मोठ्या मूर्तींचे मुकुट तू रंगवायचीस ना? पाटावर उभी राहून?"

मी म्हटलं, "हो. आता कासूवालीला दिले. तिला शिकायला मिळतं."

हे खरंच होतं. सगळ्या बायकांसमोर मामंजींनीच एकदा म्हटलं होतं, सून मोठ्या मनाची आहे, स्वतःचं काम दुसरीला देते. मला बरं वाटलं होतं.

"कपडेपण आता खिडकीत घालतेस. वरच्या दोरीवर नाय घालत."

मी पितांबराची कड रंगवत राहिले.

मग ते वळले. "हात वर जात नाय का गो तुझा?"

मी 'नाय, तसं काही नाय' म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणता येईना. बावीस वर्षं ह्याच हाताने कुंचला वर धरला होता. कधी दुखायला लागलं, कधी एकेक सोडलं, मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "खांदा. दोन वर्षं झाली."

समोरच्या मूर्तीचा एक डोळा काढून झाला होता, दुसरा राहिला होता. अशा वेळी मामंजी कधी उठत नाहीत, दारात कोणी आलं तरी नाही. त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला आणि उठले. "चप्पल घाल. दाखवून येऊ."

रिक्षात बसल्यावर मी नाशिकला फोन लावला. काकांना सांगितलं, काका, खांदा दाखवायला चाललेय. ते म्हणाले, "कोणाला दिसलं?"

मी फोन मामंजींच्या हातात दिला. मामंजी फोनवर बोलायचं टाळतात. त्यांनी तो जरा लांबच धरला, घसा साफ केला.

"उशीर झाला डॉक्टर," ते म्हणाले, "पण मीच बघितलं."